डिकीतली वाळू

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आहे. माझा आवाज अजून भारदस्त आहे, पण त्या आवाजावर जाऊ नका. कोरड्या रस्त्यावर मी भल्याभल्यांना मागे टाकते, आणि चार बोटं बर्फ पडला की घरासमोरच्या चढावर माझी फजिती होते.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे भर हिवाळ्यातही संत्री झाडावर असतात. मला घडवणाऱ्यांनी जड इंजिन पुढे बसवलं आणि सगळा जोर दिला मागच्या चाकांना. वळणावर ही रचना मोठी झोकदार वाटते. बर्फाचा विचार तिथे कोणाच्या मनात आला नसावा. माझं मागचं अंग हलकं आहे. त्यामुळे घसरड्या रस्त्यावर चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेपूट भलतीकडे जातं.

पहिल्या मालकाने विकल्यावर मी बोटीतून जपानच्या उत्तरेकडच्या, बर्फाळ ओतारू गावी आले. माझे नवे मालक इसामू कुदो. व्यवसायाने न्हावी. माझ्यासारख्या गाडीचं चित्र त्यांनी तरुणपणापासून दुकानातल्या आरशाला चिकटवून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांसाठीचे मऊ पंचे घेऊन ते मला पुसत. बंदरावरून आम्ही जाऊ लागलो की लोक माना वळवून बघत. मला कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या गावात माझ्या जातीच्या गाड्या पहिल्या बर्फाबरोबर झाकून ठेवतात. इसामूंना ते पटेना. नववर्षाच्या जेवणात त्यांचा मेहुणा तेत्सुरो, ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, त्या सुंदरीला आता पांघरूण घाला. काल चढावर नुसती कंबर हलवत होती!"

"माझी गाडी बारा महिने चालते," इसामू फणकारले.

"मग मागे वजन टाका. माझ्या दुकानातून वाळूची पोती न्या. गाडीसाठी नाही, तुमच्या अब्रूसाठी!"

सगळे हसले. इसामूंची बायको सुमिएसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. त्यानंतर तेत्सुरोच्या दुकानात वाळू मागायला जाणं इसामूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. इकडे मासळीवाल्याची चिमुकली पांढरी गाडी चारही चाकांनी तुरुतुरु चढ चढून जाई आणि मी खाली धापा टाकत उभी. लाजेने माझा रंग आणखी लाल झाला असेल.

आमच्या चढावर अर्ध्या वाटेत एक हिरवी पेटी आहे. तिच्यात नगरपालिकेने ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या असतात. ज्याची गाडी घसरेल त्याने पिशवी फोडावी, वाळू पसरावी आणि पुढे जावं. पेटीला कुलूप नाही आणि कोणी राखणही करत नाही. एका दुपारी समोरचं माणूस दिसत नव्हतं इतका बर्फ पडत होता. तेव्हा इसामूंनी त्या पेटीतल्या सगळ्या पिशव्या उचलून माझ्या डिकीत भरल्या. त्या वजनाने मी चढ चढले. इसामू खूश होऊन शीळ घालत होते. मला मात्र पोटात काहीतरी चोरून ठेवल्यासारखं वाटत होतं.

मग ती सकाळ उजाडली. रात्रभर वादळ होऊन रस्ता काचेसारखा झाला होता. आमच्या पुढे एक टॅक्सी चढत होती, ती घसरून फिरली आणि रस्त्यात आडवी अडकली. ती वर राहणाऱ्या नोझुए आजींना न्यायला आली होती. आजींना डायलिसिसला जायचं होतं. आदल्या खेपेला वादळामुळे जाणं राहिलं होतं आणि त्यांचे पाय सुजले होते. त्या दारात पिशवी धरून उभ्या होत्या.

टॅक्सीवाला पेटीकडे गेला आणि झाकण उघडून तसाच उभा राहिला. "अहो, रिकामी! एवढी वाळू कोणी खाल्ली की काय?" मग तो आमच्या खिडकीशी आला. "दादा, तुमच्याकडे आहे का काही टाकायला?"

"नाही... म्हणजे..." इसामूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मित्रांनो, मला माझी डिकी आतून उघडता आली असती, तर मी ती तेव्हाच उघडली असती.

"मीच येते खाली!" वरून आजी ओरडल्या आणि कठडा धरून त्यांनी पाऊल टाकलं. ते घसरलं. त्या कठड्याला लोंबकळल्या.

"आजी, हलू नका!" इसामू दार उघडून धावले आणि त्यांनी माझी डिकी उघडली. पिशव्यांवर निळ्या अक्षरांत गावाचं नाव होतं. टॅक्सीवाल्याने ते वाचलं, इसामूंकडे बघितलं आणि पहिली पिशवी उचलली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"वाळू मिळाली का रे?" आजींनी विचारलं.

"मिळाली, आजी," इसामू डिकीजवळूनच ओरडले. "मीच नेली होती!"

"मग बघतोयस काय? आधी पसर. लाज नंतर वाटून घे!"

दोघांनी वाळू पसरली. टॅक्सी वर गेली आणि आजींना घेऊन निघाली. वाट द्यायला मी उलटी घसरत खाली आले. जाताना आजींनी काच खाली केली. "इसामू, पुढच्या आठवड्यात माझे केस कापायला ये. चालत ये."

इसामूंनी मला चढाखालीच सोडलं आणि ते तेत्सुरोच्या दुकानात गेले. थोड्या वेळाने खांद्यावर पोतं घेऊन आले. मागून तेत्सुरोही एक पोतं घेऊन येत होता.

"गाडीसाठी ना?" त्याने विचारलं.

"पेटीसाठी," इसामू म्हणाले. तेत्सुरोने आपलं पोतं खांद्यावर सावरलं. दोघे माझ्याजवळून चढ चढून गेले.

आता पहिला बर्फ पडला की मी पांघरुणाखाली जाते. मित्रांनो, तुमच्या लाडक्या वस्तूला जे झेपत नाही ते तिच्याकडून करून घेऊ नका. तिच्यासाठीच्या हट्टापायी दुसऱ्याची वाट तर मुळीच अडवू नका. त्या दिवशी एक पिशवी माझ्या डिकीतच फुटली होती. त्यातले काही कण कोपऱ्यात अजून आहेत. उन्हाळ्यात आम्ही बंदरावरून जातो, लोक वळून बघतात, आणि वळणावर ते कण सरकतात. मग मला कोणी बघू नये असं वाटतं.