डिकीतून दिसलेलं रण

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीची स्टेपनी आहे. कोपरच्या एका सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात आमची पांढरी गाडी उभी असते आणि तिच्या डिकीत, चटईखाली, मी पडून असते. माझ्या अंगावर सध्या दोन छत्र्या, सुदेशची क्रिकेटची बॅग आणि गावाहून आलेल्या तांदळाचं रिकामं पोतं आहे. गोड गोष्टी ऐकायच्या असतील तर बाहेरच्या चार चाकांकडे जा. माझ्या जिभेला गोडवा राहिलेला नाही.

आम्ही पाच जणी एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालो. रबर तेच, वासही तोच. शोरूममध्ये चौघींना बाहेर लावलं आणि मला आत टाकलं, एवढाच काय तो फरक. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. अडीअडचणीला मी आहे, असं मी स्वतःला सांगायची.

ही गाडी कल्पिताताईंनी घेतली. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत त्या कितीतरी वर्षं हिशेबाचं काम बघतात. लग्न केलं नाही. वडील गेले, आई आवडाबाई थकल्या, धाकट्या भावाचं, सुदेशचं, शिक्षण व्हायचं होतं. असं एकेक होत राहिलं आणि बाईंनी पन्नाशी गाठली. गाडी त्यांची, पण चालवायचा सुदेश. सासरवाडीला सुदेश, क्रिकेटला सुदेश, लग्नाकार्याला सुदेश. ताई मागच्या सीटवर आईचं औषध आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांना गाडी उत्तम येत होती, क्लास लावून शिकल्या होत्या. पण घरात सगळे गाडीला "सुदेशची गाडी" म्हणायचे आणि ताईंनी कधी कुणाला टोकलं नाही.

माझं आयुष्य बिघडलं ते मानपाड्याला. एका दुपारी तिथे मागचं चाक बसलं आणि सुदेशने मला बाहेर काढलं. केवढा आनंद झाला मला! रस्ता, धूळ, ऊन, सगळं पहिल्यांदाच अंगाला लागत होतं. दोन दिवस मी धावले. मग त्याच भागात एका वर्कशॉपसमोर माझ्यात खिळा घुसला. तोवर जुनं चाक दुरुस्त होऊन आलेलं होतं. सुदेशने ते बाहेर लावलं, मला खिळ्यासकट डिकीत टाकलं आणि म्हणाला, "उद्या काढू पंक्चर."

तो उद्या काही उजाडला नाही. दरवर्षी दसऱ्याला गाडी धुतली जायची. हार, झेंडू, चौघींना हळदकुंकू. मी आत अंधारात, पोटात खिळा घेऊन, आरती ऐकायची. डिकीला मात्र बाहेरून छान स्वस्तिक काढायचे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी गाडीशेजारीच बहीणभावाचं बोलणं झालं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मी कच्छला चाललेय. रण बघायला. गाडी घेऊन," ताई म्हणाल्या.

"कोणाबरोबर?"

"एकटी."

सुदेश हसला. "अगं ताई, तू घोडबंदर तरी पार करशील का? रणात काय ठेवलंय? एक झाड नाही तिथे."

"तेच बघायचंय. आपल्या खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं रे. जिथे नजर कुठेच अडत नाही, असं काहीतरी एकदा बघायचंय मला. आणि कुणाची सुट्टी जुळते का, हे बघत बसायचं नाहीये."

"बरं बाबा, जा."

"गाडी नीट बघून ठेवशील ना? तुझ्या हातातली आहे. स्टेपनी बघितलीस?"

"अगं, सगळं टकाटक आहे. टेन्शन कशाला घेतेस?"

मित्रांनो, तो डिकीपासून हातभर अंतरावर उभा होता. वाकायचा तेवढा आळस. मी ओरडू शकले असते तर सगळी सोसायटी खाली आली असती.

निघायच्या दिवशी सकाळी घरादाराची नुसती धावपळ. आवडाबाईंनी गाडीची पूजा केली, नारळ फोडला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. सुदेशची बायको संचिता, तिने ताईंच्या हातावर दही ठेवलं. सुदेशने लिंबं बरोबर चाकाखाली आहेत ना, हे वाकून वाकून चारही बाजूंनी पाहिलं. पुढे पेट्रोलपंपावर हवावाल्याने विचारलं, "मॅडम, स्टेपनी?" माझ्यावर तेव्हा बॅगा, चादरी, पाण्याचे कॅन असा डोंगर रचलेला होता. ताई म्हणाल्या, "राहू दे, ती भावाने बघितलीय."

तो प्रवास मी कानांनी केला. घोडबंदर मागे पडलं तसं ताईंनी गाणं सुरू केलं. त्या इतक्या बेसूर गातात हे मला माहीतच नव्हतं, आणि इतक्या खुशीत गातात हेही. छोट्या रणातल्या अभयारण्यात त्या जीपमधून रानगाढवं बघायला गेल्या. मी पार्किंगमध्येच होते. परत आल्या तेव्हा फोनवर आईला लहान मुलीसारखं सांगत होत्या, "अगं आई, कळपच्या कळप! आणि काय पळतात गं, तांबूस, पांढऱ्या पोटाची, माझ्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही कुणी!" भुजला राहिल्या, खावड्याजवळचा काळा डोंगर चढून आल्या. आता राहिलं होतं ते ज्यासाठी एवढा घाट घातला ते: खावड्याहून रण कापत धोळावीऱ्याच्या हडप्पाकालीन अवशेषांकडे जाणारा सरळ रस्ता. धोळावीऱ्यात त्यांनी दोन दिवसांसाठी खोली घेऊन ठेवली होती.

त्या रस्त्याला लागल्यावर ताईंचं गाणं आपोआप थांबलं. काचा खाली केल्या. खारट वारा डिकीपर्यंत आला. आणि अर्धा रस्ता झाला नसेल तोच एका दगडाने मागचं डावं चाक फाडलं.

त्या घाबरल्या नाहीत. गाडी बाजूला घेतली, सामान एकेक करून उतरवलं, चटई उचलली. त्यांच्या खांद्यावरून मला रण दिसलं. दोन्ही बाजूंना पांढरं मीठ, पार आभाळापर्यंत. मधे काहीसुद्धा नाही. मित्रांनो, मी जन्मात एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला मरून जावंसं वाटत होतं.

जॅक लावला, पाना फिरवला, नट कसले. घामाघूम होऊन त्यांनी सगळं स्वतः केलं, क्लासमध्ये शिकवलं होतं तसं. मग जॅक खाली घेतला. मी रिमपर्यंत बसले.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग रस्त्याच्या कडेलाच, माझ्याशेजारी, मातीत बसल्या.

फोनला रेंज नव्हती. बऱ्याच वेळाने एक पिकअप आला. त्यातल्या म्हाताऱ्याने विचारपूस केली, मला पुन्हा उतरवून आम्हा दोन्ही चाकांना पिकअपच्या मागच्या भागात टाकलं आणि ताईंना खावड्याला नेलं. पंक्चरवाल्याने माझ्यातला खिळा पकडीने उपसून त्यांच्यासमोर धरला. "ये तो पुराना है, बेन. पूरा जंग खाया हुआ."

ताईंनी तिथूनच सुदेशला फोन लावला, स्पीकरवर. मी दुकानासमोर उन्हात पडून ऐकत होते.

"स्टेपनी पंक्चर आहे, सुदेश."

"आयला! ते राहिलंच."

"मी विचारलेलं तुला."

"अगं, मला वाटलं तू वापीवरून परत येशील. एवढ्या लांब जाशील असं वाटलंच नाही ना."

मग तिकडे आवडाबाईंनी फोन घेतला. त्या रडत होत्या. "पुरे झालं गं आता. एकटी बाई तू, रस्त्यात बसलीस म्हणे. मला घास जाणार नाही. माघारी ये."

"आई, धोळावीरा अगदी जवळ आलंय. चाकं झाली दुरुस्त."

"माझी शपथ आहे तुला."

ताईंनी स्पीकर बंद करून फोन कानाशी धरला. मग म्हणाल्या, "बरं. येते."

पिकअपवाल्याने आम्हाला गाडीपाशी सोडलं. मी आता डावं मागचं चाक होते, ठासून हवा भरलेली. ऊन अजून उतरलं नव्हतं. समोर रस्ता मोकळा होता आणि गाडीचं तोंड धोळावीऱ्याकडेच होतं. चला ताई, मी मनात म्हणत होते, आता मी तुम्हाला पृथ्वीच्या टोकापर्यंत नेईन. त्या स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसल्या. मग त्यांनी गाडी वळवली. ते वळण माझ्या अंगाखालून गेलं, म्हणून मला ठाऊक आहे ते किती सावकाश घेतलं होतं.

घरी आल्यावर सोसायटीच्या सत्यनारायणाला खाली मांडव होता. गाडीला टेकून सुदेश चारचौघांना रंगवून सांगत होता, "ताई स्टेपनी चेक न करताच गेलेली. बायकांना गाडी दिली की हे असं होतं. रणात अडकलेली, फोन मला!" सगळे हसले. ताई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साखर कमी आहे का रे?" बस, एवढंच.

त्या दिवसापासून मला सुदेशचा जितका राग येतो, त्याहून जास्त त्यांच्या त्या चहाच्या ट्रेचा येतो.

मला पुन्हा डिकीत टाकलंय. दर रविवारी ताई खाली येतात, छत्र्या बाजूला करतात आणि अंगठ्याने मला दाबून बघतात. हवा असते. मग डिकी लावतात आणि सुदेशने वरून हाक मारली की किल्ली त्याला नेऊन देतात.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू म्हणते की मला जपा. मला कुणी जपायला नको. तुमच्या घरातलं कुणी एकटं कुठे निघालं आणि त्याने तुम्हाला काही बघून ठेवायला सांगितलं, तर "टकाटक आहे" म्हणण्याआधी वाका आणि बघा. तो माणूस लांब जाणार आहे असं धरून बघा. माझं म्हणाल तर हवा भरलेली आहे, रस्ता मला पाठ आहे. तेवढी ताईंच्या हातातली किल्ली कुणी मागू नका.