तळ्यात काहीही सोडायचं नाही

"मेलेल्या बाईलाही तुम्ही लोक रांगेत उभं करता! लाज वाटते का कुणाला त्या कचेरीत?"

दिलीपराव हे स्पॅनिशमध्ये ओरडले. स्पॅनिश गंजलेलं होतं, राग ताजा होता. फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला, आणि त्यातून पुन्हा होल्डवरची तीच बासरी वाजायला लागली. थंडीभर ही बासरी ऐकून त्यांचे कान किटले होते. ईमेल केले तर उत्तर नाही. फोन केला तर हा विभाग त्या विभागाकडे बोट दाखवणार, आणि त्या विभागाची जेवणाची सुट्टी.

ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून रुचा आत आली. बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, ओरडू नका. बीपीची गोळी घेतलीत?"

"राजधानी म्हणे! एक चर्च, एक चौक, दोन मजल्यांची कचेरी. आपल्याकडे तालुक्याच्या गावालासुद्धा याहून मोठा एसटी स्टँड असतो. आणि हे स्वतःला नगरपालिकेची राजधानी म्हणवतात."

"तुम्हीही राजधानीतच राहता. इथे तरी कोण पहिल्या फोनला उचलतं?"

दिलीपरावांनी फोनचा आवाज वाढवला. ओटावाच्या कचेऱ्यांशी त्यांचं वेगळं भांडण चालू होतं.

सांता ओलाया. कोलंबियाच्या डोंगरातलं, तळ्याच्या काठावरचं गाव. कॅनडातल्या कंपनीनं दिलीपरावांना तिथे पाणीपुरवठ्याचं काम करायला पाठवलं, तेव्हा रुचा सात वर्षांची होती. चित्राबाईंनी तिथे संसार मांडला, कणकेऐवजी मक्याच्या पिठाच्या भाकरी थापल्या, आणि गेल्या नोव्हेंबरात हॉस्पिटलात नवऱ्याचा हात धरून एवढंच सांगितलं, "मला सांता ओलायाच्या तळ्यात सोडा. दुसरीकडे कुठेही नको." दिलीपरावांनी शब्द दिला होता.

त्यामुळे अस्थी अजून गराजमध्ये होत्या. तांब्याचा कलश, तोंडाला पांढरं फडकं, सायकल टांगायच्या हुकाला लटकावलेला. खाली समर टायर्सची चळत.

"आत आणू या ना आईला," रुचा मध्येच एकदा म्हणाली होती. "उणे पंचवीस आहे तिथे."

"अस्थी घरात आणत नाहीत. झाडाला टांगतात."

"मग मेपलला टांगा. शेजारीण पोलिसांना फोन करेल."

म्हणून हुक. नदीचा विषयही तिनं काढून पाहिला होता. ओटावा नदीत अस्थी सोडता येतात, ओळखीच्या दोघातिघांनी तसंच केलं होतं. दिलीपराव त्या दिवशी जेवले नव्हते.

बासरी थांबली.

"बेआत्रिस बोलतेय. तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे, सेन्योर. परवानगी मिळणार नाही."

"का?"

"आम्ही ते पाणी पितो. तळ्यात काहीही सोडायचं नाही. फुलं नाहीत, राख नाही. नियम आहे."

"मूठभर राखेनं काय होतं तुमच्या पाण्याला? मी इंजिनियर आहे, मला शिकवू नका. कुठल्या गाढवानं केला हा नियम? त्याला द्या फोन."

"तो कधीच गेला." बाईचा आवाज अजिबात चढला नाही. "पाण्याच्या पंपाबरोबर आलेला नियम आहे. आमच्या त्या वेळच्या महापौरांना नको होता. लोक चौकात भांडले. पण परदेशी इंजिनियर अडून बसला. नियम करा, नाहीतर पंप सुरू करणार नाही. आम्ही त्याला 'एल हिंदू' म्हणायचो. तुम्ही कुठून बोलताय म्हणालात?"

रुचानं चहाचं आधण बंद केलं. गॅस बंद झाल्याचा टक् असा आवाज तेवढा झाला.

"कॅनडा," दिलीपराव म्हणाले.

"तोही तिकडूनच आला होता. माझ्या आजोबांची राख घेऊन आजी होडीत बसली, तर यानं काठावरून होडी परत बोलावली. माझी आजी, मानानं सगळे तिला दोन्या इनेस म्हणायचे. मग तिनं ती पेटी स्वयंपाकघरात ठेवली, मरेपर्यंत. त्याची बायको यायची मात्र. बटाटे सोलत बसायची आजीजवळ."

दिलीपरावांनी फोन म्यूट केला.

"नियम बरोबर होता," ते मराठीत म्हणाले, रुचाकडे न बघता. "पोरं मरत होती जुलाबांनी. जनावरं धुवायचे, कपडे धुवायचे, सगळं त्याच पाण्यात. एकाला सोड म्हटलं की सगळे आले असते. मग पंप सुरू झाला आणि मी विसरूनही गेलो."

"मी काही बोलले का?"

"तुझी आई बोलली होती. जेवताना. 'अहो, राखेनं कुणाला जुलाब लागलेत?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"गरम चॉकलेटच्या कपात चीज घालून द्यायची ती म्हातारी," रुचा म्हणाली. "मी आईबरोबर जायचे. आई सांगायची, बाबांना सांगू नकोस. नंतर कधी विषयच निघाला नाही."

"इतकी वर्षं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

फोनमधून बेआत्रिसबाई हाका मारत होत्या. रुचानं म्यूट काढला.

"आहात ना? ऐका. नवीन महापौर बाई चांगल्या आहेत. नियम बदलता येतो, पण एकट्या तुमच्यासाठी नाही. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. माझ्या आईकडे आता दोन पेट्या आहेत, गावात अजून कितीतरी. आज दुपारी सभा आहे. बाहेरच्या जाणकारानं लिहून दिलं की राखेनं पाणी बिघडत नाही, तर त्या विषय घेतील. तुम्ही इंजिनियर आहात म्हणालात. द्याल लिहून? तुमच्या नावानं?"

दिलीपराव उठले. स्लिपर तशाच पायात घालून गराजचं दार उघडून आत गेले. थंडीनं डोळ्यांत पाणी आलं. थंडीनंच, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कलशावरच्या फडक्यावर दवाची कड गोठली होती. त्यांनी ती नखानं खरवडली. कलश हुकावर थोडा हलला.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "ते लोक नाही म्हणणार हेही माहीत होतं, आणि का म्हणणार तेही. सरळ बोलायला काय झालं होतं तुला? भांडायचं होतंस. तोंडावर भांडायचं. आता हे असं?"

कलश हलायचा थांबला.

"बोल की."

मागे दार उघडं राहिलं होतं. घरातली ऊब बाहेर जात होती, आणि एरवी यावरून त्यांनीच घर डोक्यावर घेतलं असतं.

"बाबा," स्वयंपाकघरातून रुचाचा आवाज आला, "ती थांबलीय. काय सांगू तिला?"