काचेपलीकडचा साहेब

आमचे हे जहाजावर सुकाणी. म्हणजे कॅप्टन हुकूम देणार आणि हे चाक फिरवणार. मी मेडिकलच्या दुकानात काउंटरला असते, तिथे कुणी ना कुणी विचारतंच, "म्हणजे ड्रायव्हर का हो?" आता काय सांगायचं यांना? ड्रायव्हर स्वतःच्या मनाने वळतो. सुकाण्याने मन घरी ठेवून जायचं असतं. हुकूम आला की आधी तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं, मग फिरवलं म्हणून सांगायचं. कॅप्टन म्हणाला डावीकडे दहा अंश, की हे म्हणणार डावीकडे दहा अंश. ऐकण्यात चूक झाली तर जहाज खडकावर जाईल, म्हणून ही पद्धत. रोज हेच केल्यावर ते माणसाच्या हाडीमाशी खिळतं.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी म्हणाले, "येताना कांदे आणा." हे म्हणाले, "येताना कांदे," आणि निघाले. मला वाटलं, चेष्टा करतायत. सासूबाई होत्या तेव्हा, त्या म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस, तो मलाही तसंच करतो." एकदा भांडणात मी ओरडले, "तोंड बंद करा!" तर हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "तोंड बंद," आणि खरंच बंद केलं. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग यांची कंपनी दुसऱ्या मालकाच्या हातात गेली आणि तिची सगळी जहाजं एकाच बड्या देशाकडे ये-जा करायला लागली. तिथे जाणाऱ्या प्रत्येक खलाशाकडे व्हिसा हवा, नाहीतर कंपनी जहाजावर पाय ठेवू देत नाही. पन्नाशीला टेकलेल्या सुकाण्याला दुसरी कुठली कंपनी विचारणार? व्हिसा मिळाला तर समुद्र, नाही मिळाला तर घर. इतकं सरळ होतं ते. आणि घर म्हणजे काय, तर दोन खोल्या आणि मी. या माणसाला दोन खोल्यांत चार दिवस काढले की पाय आखडल्यासारखं होतं, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मला राग यायचा त्याचा. पण ज्याला पाणीच मानवतं त्याला जमिनीवर ठेवून करायचं काय?

व्हिसाच्या एजंटाने कागद तयार केले. बोलायला गोड, जिभेला हाड नाही. नव्या पोरांना तो इंटरव्ह्यूची तयारी करून द्यायचा, यांना म्हणाला, "तुम्हाला मी काय शिकवू साहेब? तुम्ही मुरलेले. खरं ते सांगा आणि या." मलाही तेच वाटलं. कर नाही त्याला डर कशाला? मी यांचा पांढरा शर्ट कडक इस्त्री केला, दुकानातून सुट्टी काढली आणि व्हिसाच्या ऑफिसपर्यंत सोबत गेले. मला आत सोडणार नव्हते, म्हणून समोरच्या फुटपाथवर एका दुकानाच्या पायरीवर बसले.

हे बाहेर आले ते हातात एक छापील कागद घेऊन. चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला आणि मग यांनी सांगायला सुरुवात केली. काचेच्या पलीकडे एक तरुण ऑफिसर होता, यांच्या पोराच्या वयाचा, म्हणजे आम्हाला असतं तर. त्याने विचारलं, "आमच्या देशात तुमचे कुणी नातेवाईक आहेत?"

"तुमच्या देशात माझे कुणी नातेवाईक. नाहीत, सर."

"जहाज बंदरात असताना तुम्ही काय करता?"

"जहाज बंदरात असताना मी काय करतो. पहारा असेल तर पहारा, नाहीतर डेकची कामं, सर."

माझ्या हातातला कप तिथेच थांबला. "अहो, तुम्ही तिथेही..."

"ऐक तर. तो म्हणाला, मी विचारलेलं परत म्हणू नका."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, तुम्ही विचारलेलं परत म्हणायचं नाही, सर."

मी फस्सकन हसले. हसले म्हणजे काय, चहा नाकातून आला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. हे हसले नाहीत. म्हणाले, "त्याने विचारलं, उत्तरं पाठ करून आलात का? मी म्हटलं, उत्तरं पाठ करून आलोय का. नाही, सर. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. हा कागद सरकवला."

कागदावर लिहिलं होतं, सदर इसम काम संपल्यावर आपल्या देशी परत जाईल अशी आमची खात्री पटत नाही. परत जाईल अशी खात्री! अरे मेल्या, दर खेपेला परत आलाय हा माणूस. त्याची आई गेली तेव्हा पोचायला उशीर झाला, पण आलाच की. मला विचार ना, मी सांगते खात्री! पण मला कोण विचारतंय? वाघ म्हटलं तरी खाणार आणि वाघोबा म्हटलं तरी खाणार.

कंपनीने आठवडाभरही वाट पाहिली नाही, दुसरा सुकाणी घेतला. एजंट म्हणाला की परत अर्ज करता येईल, पण त्यात लिहावं लागतं, आधी नाकारलाय. आणि ते वाचलं की पुढचा ऑफिसर पुढचं काही वाचत नाही.

हे घरी बसले. दारं-खिडक्यांना रंग दिला, मग रंग देण्यासारखं काही उरलं नाही. शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त केले. लोक विचारायचे, "यंदा सुट्टी मोठी दिसतेय?" हे म्हणायचे, "हो, मोठी आहे." मी दुकानातून आले की हे खुर्ची खिडकीजवळ ओढून बसलेले, आणि खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. मला गलबलून यायचं. पण मी तोंडाने मात्र खेकसायचे, "जरा बाहेर तरी जाऊन या!"

आणि मग तो एजंट घरी आला. म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखा अनुभव कुणाकडे आहे? माझ्या ऑफिसात बसा. पोरांची तयारी करून घ्या. तुम्ही ऑफिसर व्हायचं, पोरांनी उत्तरं द्यायची."

मी त्याला दारातच सुनावलं, "शिकवायचं होतं तेव्हा शिकवलं नाहीत, आणि आता यांच्या जखमेवर दुकान थाटताय? लाज नाही वाटत?" तो हसला. अशा माणसांना लाज नसतेच, म्हणून तर त्यांचं चालतं. मला वाटलं, हेही त्याला हाकलतील. हे म्हणाले, "सोमवारपासून येतो."

त्याच्या मागच्या खोलीत त्याने खरोखरच काच बसवली होती, कुठल्याशा बंद पडलेल्या तिकीटघरातली, मध्ये बोलायला गोल भोक असलेली. पलीकडे हे, टाय लावून. अलीकडे पोरगं, मुद्दाम उभं ठेवलेलं. मी एकदा विसरलेला चष्मा द्यायला गेले तेव्हा आवाज ऐकला आणि क्षणभर ओळखलाच नाही. थंड, कोरडा, कुणाशीच काही देणंघेणं नसलेला. एक पोरगं घाबरून अडखळलं, तर हे वर न बघताच म्हणाले, "पुढचा." त्या पोराचे डोळे भरले. बाहेर एजंट मला म्हणाला, "वहिनी, साहेबांनी काय हुबेहूब पकडलंय!" मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. पण खोटं कशाला बोलू, यांच्या हाताखालची पोरं पटापट पास व्हायला लागली. हे घरी जेवताना पुन्हा दोन शब्द बोलायला लागले. कुणाला कुठल्या प्रश्नावर घाम फुटला, ते रंगवून सांगायचे. व्हिसाच्या त्या काचेने जे घेतलं ते तसल्याच काचेमागे बसून हे चिमटीचिमटीने परत घेत होते, असं मला वाटायचं. बरं वाटायचं आणि किळसही यायची, दोन्ही एकदम.

अशात माझा धाकटा भाऊ ट्रेनिंग पुरं करून आला. याला समुद्राचं वेड लावलं ते यांनीच. लहानपणी खांद्यावर बसवून गोदीत नेला, जहाजाचं चाक हातात दिलं, पुढे यांच्याच शब्दावर त्याला ट्रेनिंगला घेतलं. चारचौघांत तो सांगायचा, "माझे भावोजी सुकाणी आहेत," आणि छाती पुढे काढायचा. आता त्याला पहिलं जहाज मिळालं होतं, यांच्याच कंपनीचं. फक्त व्हिसा बाकी होता.

त्याच्या तयारीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. भाऊ काचेसमोर उभा, मी त्याच्या मागे दाराशी. पहिले प्रश्न झाले. पोरगं चलाख, टकाटक बोलत होतं. मग यांनी विचारलं, "घरात आधी कुणी जहाजावर होतं?"

"हो सर. माझे भावोजी. वीस वर्षं सुकाणी..."

यांनी काचेवर पेन आपटलं. "चूक. पुढचा प्रश्न काय येईल? आता ते कुठल्या जहाजावर आहेत? घरी बसलेत. का? व्हिसा नाकारला. संपलं तुझं. पुन्हा. घरात आधी कुणी जहाजावर होतं?"

भावाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "ताई..."

"इकडे बघ. तिथे ताई नसते. घरात आधी कुणी जहाजावर होतं?"

"नाही, सर."

"मान वर."

"नाही, सर. कुणीच नव्हतं."

"बहिणीचे यजमान काय करतात?"

"ते... दुकानात असतात."

"दचकलास. परत."

"दुकानात असतात, सर."

"शाब्बास," हे म्हणाले आणि अगदी मनापासून हसले. मी तिथून निघाले, वाटेत रडले आणि दुकानात येऊन एका गिऱ्हाइकाला चुकीचं औषध दिलं. बरं, बोलायचं तरी कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

इंटरव्ह्यूच्या दिवशी भावाचा फोन आला. मला नाही, यांना. रविवार नव्हता, पण हे त्या दिवशी एजंटाकडे गेले नव्हते. आवाज इतका मोठा की मला ओट्यापाशी ऐकू येत होता. "भावोजी, मिळाला! आणि अगदी तोच प्रश्न विचारला हो! तोच!"

"मग काय सांगितलंस?"

"तुम्ही शिकवलं तेच. जराही अडखळलो नाही."

"छान," हे म्हणाले. "आता घरी ये. ताईला भेट."

फोन ठेवला. माझा भाऊ समुद्रावर निघाला होता, मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मी हातातलं भांडं ओट्यावर आदळलं आणि ओरडले, "कुणीच नव्हतं म्हणे! मग वीस वर्षं मी कुणाची वाट बघत होते?"

हे टाय घडी करत होते. म्हणाले, "दुकानातल्या माणसाची."

मला वाटलं, आता तरी हसतील. पण हे माझ्याकडे बघत राहिले, मान वर, अगदी ठाम, भावाला शिकवलं होतं तसे.