‘चंचला’ नौकेचा इतिहास

त्वरा, तरला, क्षिप्रा, चंचला, द्रुता आणि वेगवती. नावं ऐकून वाटावं, लग्नाच्या हॉलमध्ये नटूनथटून बसलेल्या सहा बहिणी आहेत. प्रत्यक्षात त्या नौदलाच्या वेगवान गस्ती नौका होत्या, आणि इतक्या तापट बहिणी कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत. मिलिंद रोकडेने त्यांतल्या चौघींच्या इंजिनघरात मिळून अठरा वर्षं काढली होती. शेवटची उरलेली वेगवती पुढच्या महिन्यात सेवेतून उतरणार होती. म्हणून जुन्या सहकाऱ्यांच्या मंडळाने पुस्तक काढायचं ठरवलं, आणि इतिहास लिहायचं काम मिलिंदच्या गळ्यात पडलं.

शेलूच्या नव्या बिल्डिंगमधल्या गॅलरीत बसून तो फुलस्केप कागदांवर लिहायचा आणि त्याची मुलगी मनाली ते लॅपटॉपवर उतरवायची. काम झकास चाललं होतं. त्वरा पहिली, म्हणून या नौकांच्या सगळ्या वर्गाला तिचं नाव. सेहेचाळीस मीटर लांबी, दोन डिझेल इंजिनं, वर तीस माणसं. किनाऱ्याची राखण करायला, चोरटा माल आणणाऱ्यांच्या मागे धावायला, समुद्रातल्या तेलविहिरींभोवती फेऱ्या मारायला बांधलेल्या या नौका. त्वराचं नाक लाटेवर असं आपटायचं की पहिल्या पावसाळ्यात स्वयंपाक्याने भात शिजवणंच सोडून दिलं. सगळे पाव आणि उकडलेली अंडी खाऊन राहिले. मग पुढच्या नौकांचं नाक उंच केलं. तरलाने बुडत्या होडीतून अकरा कोळी उचलले. क्षिप्राचं उजवं इंजिन जन्मापासून कुरकुरणारं.

मनालीला हसू आवरत नव्हतं. ‘‘पप्पा, तुम्ही एवढं मस्त लिहिता हे मला माहीतच नव्हतं.’’

तिसरी संपली आणि मिलिंदने एकदम पाचवी काढली. ‘‘चंचला कुठे गेली?’’ मनालीने विचारलं.

‘‘लिहितो गं. कागद सापडत नाहीत तिचे.’’

कागद कपाटातच होते, वरच्या खणात.

दिवाळीनंतरच्या रविवारी जितेश आला. खालापूरच्या पुढे एका गावात राहणाऱ्या इंदूबाईंचा हा पुतण्या. भात झोडून झाला की मोटरसायकलला नव्या तांदळाची गोणी बांधून तो शेलू गाठायचा. आधी त्याचे वडील यायचे, आता हा. चोवीस वर्षांत एकदाही खाडा नाही. इंदूबाईंचा मुलगा विकास चंचलावर मिलिंदच्या हाताखाली होता. त्याच्या हलगर्जीपणामुळे इंजिनघराला आग लागली, तो गेला आणि मिलिंदचा डावा हात कोपरापर्यंत भाजला, असं सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या पोराने दुसऱ्याच्या लेकराचा हात जाळला, तर भरून द्यायचं आईने, असं इंदूबाईंचं म्हणणं. पहिल्या वर्षी मिलिंदने गोणी परत पाठवली होती. तेव्हा त्यांनी निरोप धाडला, ‘नाय घेतलीस तर माज्या पोराला तू माफ केलं नाय, असं समजंन मी.’ तेव्हापासून गोणी घरात येत राहिली, आणि मिलिंद तो भात मान खाली घालून खात राहिला.

या वेळी जितेश चहा पिऊनही उठेना. ‘‘काका, काकूनं सांगितलंय, पुस्तक निघतंय ना, त्यात विकासदादाची चूक घालू नका. नाव नाय आलं तरी चालंल. म्हनते, माजे आता किती दिस ऱ्हायलेत, तेवढं सांभाळून घ्या.’’

‘‘नाही घालत, असं सांग,’’ मिलिंद म्हणाला, आणि त्याला चक्क हायसं वाटलं. स्वतः आईच सांगते आहे झाकायला, मग आपण कोण उकरून काढणारे? माणूस सुटकेची वाट शोधायला बसला की वाट सापडतेच. त्याच दुपारी त्याने चंचलाची पाच पानं एका बैठकीत लिहून काढली. शेवटी लिहिलं: ‘कर्तव्य बजावताना यंत्रखलाशी विकास यांना वीरमरण आले.’

मनालीने वाक्य टाइप केलं. ‘‘छान झालं. त्या आजींना बरं वाटेल.’’ मग सहज विचारलं, ‘‘पण नक्की काय केलं होतं त्याने?’’

मिलिंदला ‘झालं काहीतरी’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. इतकी वर्षं त्याने तेच केलं होतं. पण पोटच्या पोरीने इतक्या सरळ विचारल्यावर त्याची जीभ वळेना.

‘‘त्याने काही केलं नव्हतं,’’ तो म्हणाला.

इंधनाच्या नळीवर पत्र्याचं झाकण असतं. नळी फुटलीच, तर डिझेल तापलेल्या भागावर उडू नये म्हणून. त्या सकाळी नळीचा जोड पाझरत होता. मिलिंदने स्वतःच्या हाताने झाकण काढलं, जोड आवळला, आणि तेवढ्यात पूर्ण वेगाचा हुकूम आला. एक संशयित होडी पळत होती. आठ बोल्ट, चार मिनिटांचं काम. विकासने विचारलंही, ‘झाकण लावू का?’ मिलिंद म्हणाला, ‘राहू दे रं, परत आल्यावर बघू.’ अकरा वाजता नळी फुटली. बावीस वर्षांच्या विकासने मिलिंदला शिडीकडे ढकललं आणि स्वतः मागे वळला, इंधनाची झडप बंद करायला. त्याने ती बंद केली म्हणून बाकीचे एकोणतीस जण घरी आले. चौकशीत मिलिंदला विचारलं, झाकण लावायचं काम कुणाकडे होतं? त्याच्या डोळ्यांपुढे नोकरी आली, घर आलं, दोन वर्षांची मनाली आली. ‘विकासला सांगितलं होतं,’ तो म्हणाला. उलटून बोलायला विकास नव्हता, आणि वरिष्ठाच्या शब्दावर विश्वास न ठेवायला कुणाला काही कारण नव्हतं.

मनाली म्हणाली, ‘‘तो तांदूळ मीपण खाल्लाय, पप्पा. लहानपणापासून.’’ आणि लॅपटॉप मिटून उठली. ‘‘मी हे टाइप करणार नाही. आधी तिकडे जा.’’

दुसऱ्या दिवशी मिलिंदने स्कूटर काढली. कर्जत गेलं, पळसदरी गेली, खोपोलीच्या कारखान्यांचा वास नाकात शिरला, तरी कसं सांगायचं ते काही जुळेना. इंदूबाई अंगणात वाल वाळत घालत होत्या. मिलिंदला पाहून त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली. ‘‘ये रं बाबा. हात दुकतो का अजून थंडीत?’’

तो खुर्चीवर बसला नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चंचलाच्या इंजिनघरापासून चौकशीतल्या त्या वाक्यापर्यंत. इंदूबाईंचा हात वालावर तसाच राहिला.

‘‘त्यानं इचारलं व्हतं? झाकन लावू का म्हनून?’’

‘‘हो.’’

‘‘आनि तू नको म्हनलास.’’

‘‘हो, आई.’’

‘‘शाळेच्या गेटावर त्याचं नाव घालायचं ठरलं व्हतं,’’ त्या हळूहळू म्हणाल्या. ‘‘त्याच्या बापानंच नको म्हनलं. सरकारची बोट जाळली म्हनला आपल्या पोरानं, कुठल्या तोंडानं नाव लावायचं? मारुतीच्या पारावर बसायचं सोडलं त्यानं. आठ वरसं घरात बसला, नि घरातच मेला.’’

मिलिंद पायांवर वाकला, तशा त्यांनी पाय मागे घेतले. तो घाईघाईने म्हणाला, ‘‘मी पुस्तकात सगळं लिहितो. माझ्या नावानिशी. मंडळाला कळवतो, नौदलाला पत्र देतो. पेन्शन गेली तर जाऊ दे.’’

‘‘ते तर तू करशीलच,’’ इंदूबाई म्हणाल्या. ‘‘पन पुस्तक हितं कोन वाचतंय? मला नाय येत वाचता.’’ त्यांनी शेजारच्या अंगणाकडे तोंड करून हाक मारली. ‘‘हर्षले, ये गं जरा.’’ ओल्या हातांनी शेजारीण आली. ‘‘सांग रं हिला. पयल्यापासून सांग.’’

मिलिंदने सांगितलं. हर्षलाचा दीर डोकावला, त्याला सांगितलं. मग इंदूबाई काठी घेऊन उठल्या आणि आळीला लागल्या. ‘‘चल,’’ एवढंच म्हणाल्या. मिलिंद मागोमाग गेला. पहिल्या घरी धाकलू म्हातारा होता, विकासच्या वडिलांच्या वयाचा. त्याच्यापुढे मिलिंदच्या डोळ्यांना धारा लागल्या, विकासने झडप बंद केली तिथवर काही त्याला पोचता येईना. धाकलूने कळवळून त्याच्या भाजलेल्या हातावर हात ठेवला, तशी इंदूबाईंनी काठी आपटली.

‘‘रडून नको सांगू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू रडलास का लोकान्ला तुजीच कीव येते. नीट सांग.’’

मिलिंदने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गावात बावन्न घरं होती, आणि त्याचं सांगून व्हायच्या आधीच इंदूबाई पुढच्या दारात जाऊन हाक मारत होत्या.