साखरेच्या घोड्याचा डावा कान

मी साखरेच्या घोड्याचा साचा बोलतोय. घोडा नव्हे, साचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माणसांना घोडा तेवढा आठवतो आणि तो ज्याच्या पोटातून निघाला त्याची कुणी चौकशीही करत नाही. घोडे काय, सकाळी निघतात आणि दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी पोटात जातात. मी मात्र चाळीसेक वर्षं जुन्नरच्या एकाच दुकानात आहे. इतकी वर्षं माणसं बघितली, पण त्यांच्याविषयी माझं मत काही फारसं बरं झालेलं नाही.

मी अस्सल सागवानाचा. दुकानाचा मालक राजमहंमद, त्याच्या बापानं मला कोरलं. दोन फळ्या, मधे पोकळ घोडा. आयाळ, खोगीर, वळलेली शेपूट आणि दोन्ही बाजूंना एकेक कान, जवाच्या दाण्याएवढा, टोकदार, ताठ. माझ्या पेटीत हत्तीचा, उंटाचा आणि मनोऱ्याचाही साचा होता. हत्ती आंब्याच्या लाकडाचा. त्याच्याशी मी कधी बोललो नाही.

दुकानाबद्दलही खरं काय ते सांगून टाकतो. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं त्याचं असं वर्णन करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दरबारच भरत होता. मशिदीच्या अलीकडच्या बोळात एक फळी, फळीमागं एक भट्टी आणि वर धुरानं काळं झालेलं छप्पर, एवढंच ते दुकान. एरवी रेवड्या, बत्तासे, गुडीशेव. शिमगा जवळ आला की साखरेच्या गाठी आणि आमची चित्रं. पोरं फळीला हनुवट्या टेकून उभी राहायची, नाकं पुसायची आणि त्याच हातांनी घोडे उचलायची. याला लोक बालपणीचं सुख म्हणतात.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. साच्याला आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवायचं. लाकूड पोटभर पाणी प्यालं की साखर त्याला धरत नाही, घोडा अलगद सुटतो. कोरड्या साच्यात पाक ओतला तर तो चिकटलाच म्हणून समजा. हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण राजमहंमदनं बायको केली ती मंचरच्या बागवानाची मुलगी. नाव बिबिजान. कांद्या-मेथीत वाढलेली. तिला साखरेतलं काय कळणार?

लग्नानंतरच्या पहिल्याच माघातली गोष्ट. राजमहंमद ओझरच्या गणपतीच्या यात्रेला रेवड्या घेऊन निघाला. निघताना म्हणाला, "साचं भिजत घाल. उद्या आलो का घोडं पाडू." ती 'हो' म्हणाली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी नवऱ्यावर छाप पाडायची म्हणून तिनं स्वतःच पाक केला आणि माझ्या कोरड्या तोंडात ओतला. करायला गेली गणपती, झाला मारुती. घोडा सुटेना. तिनं आपटलं, मी गप्प. तिनं सुरी घातली. डाव्या कानाच्या खाचेपाशी कड्कन आवाज झाला आणि माझी चांगली अंगठ्याएवढी ढलपी उडाली; खाच तेवढी मोठी झाली.

राजमहंमद आला तेव्हा ती मला पदराखाली धरून बसली होती. मला वाटलं, आता हिला चांगली बोलणी बसणार. मी वाटच बघत होतो. त्यानं मला काढून घेतलं, खाचेवरून बोट फिरवलं आणि पाण्यात सोडलं. सकाळी पाक ओतला. घोडा निघाला तो असा, की उजवा कान घोड्याचा आणि डावा कान गाढवाचा. अंगठ्याएवढा, पुढं झुकलेला. राजमहंमदनं तो तिच्यासमोर धरला.

"बघ, ह्यो घोडा लई ऐकनारा हाय," तो म्हणाला. "तुज्यावानी न्हाई."

ती आधी रडली आणि मग हसत सुटली. मला दोन्हींचा राग आला. माझ्या जन्माचं नुकसान झालं आणि या दोघांना थट्टा सुचत होती!

दुसरा साचा करून घेणं त्याला काही अवघड नव्हतं. त्यानं केला नाही. उलट फळीवर बसून पोरांना सांगू लागला, "ह्याचा डावा कान लांबचं ऐकतो. आदी कानात सांगायचं, मंग खायाचं." झालं. पोरांनी उभ्या हत्तीकडं पाठ फिरवली आणि माझ्या त्या विद्रूप घोड्यांवर तुटून पडली. घोडा घ्यायचा, डावा कान ओठांशी न्यायचा, काहीतरी पुटपुटायचं आणि पहिला घास त्याच कानाचा. काय पुटपुटायची ते मला ऐकू यायचं. मास्तरला ताप येऊ दे. बैल माझ्या नावावर कर. थोरली बहीण गंगी एकदाची सासरी जाऊ दे. एकाही मागणीला अर्थ नव्हता, आणि सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याचा कान खाऊन टाकायचा, ही यांची अक्कल.

मग एकोणीसशे दोन-तीनच्या सुमाराचा तो प्लेग आला. घराघरांत उंदीर पडू लागले तशी पेठ ओस पडली आणि लोक रानात झोपड्या घालून राहिले. बिबिजाननं घरातलं सोडून मला बरोबर घेतलं. चौथ्या दिवशी राजमहंमदला ताप भरला. झोपडीत मूठभर साखर होती. बिबिजाननं मला भिजवलं, बाहेर तीन दगडांवर पाक केला आणि एकच घोडा पाडला. त्या कानात ती बराच वेळ बोलली. मग तो त्याच्या ओठांना लावला. त्यानं कान जरासा चाटला, तिच्याकडं बघून हसल्यासारखं केलं आणि पहाटे गेला.

तेव्हापासून तर त्या कानाबद्दल मला अगदीच चीड आली. म्हणे लांबचं ऐकतो! शेजारच्या झोपडीतली माणसंसुद्धा आली नव्हती.

पण ती परत आली. दुकान उघडलं. एकटी बाई भट्टीपुढं बसते म्हणून लोकांनी नाकं मुरडली, शिमगा आल्यावर मुकाट्यानं पोरं पाठवली. ती मला रोज पुसायची आणि पुसताना तिचं बोट त्या तुटक्या खाचेत एकदा तरी जायचंच. नवऱ्याचं तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. पोरबाळ नव्हतं, आणि त्याचे कपडे प्लेगच्या सरकारी माणसांनी जाळले होते. त्यानं केलेली थट्टा तेवढी माझ्या अंगावर शिल्लक होती.

अशात कुंडलिकराव आले. आमच्याच बोळातला कुंडलिक, आता पुण्याच्या कुठल्याशा कचेरीत कारकून. नारायणगावावरून टांग्यानं आले, कोट, छत्री, सगळं होतं. फळीपुढं उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. असे डोळे मिटणारे मी पुष्कळ पाहिलेत. डोळे मिटून आठवतात, उघडून बघत नाहीत.

"चाची, काय ते दिवस होते! अहो, बालपण म्हणजे तुमचं हे दुकान. आणि तो घोडा! काय त्याचा रुबाब! दोन्ही कान कसे ताठ!"

बिबिजाननं मला त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी उलटून पालटून पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"अरेरे! डावा कान उंदरांनी खाल्लाय की हो."

"उंदरांनी न्हाई, राव. त्यो पयल्यापासनं असाच व्हता. तुमी लहान व्हता तवाबी."

"छे, छे! मला सांगता? माझा जीव होता ह्या घोड्यावर. मी नीट करून आणतो. माझ्याकडून दुकानाला एवढी भेट."

"असू द्या हो असाच," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. पण त्यांनी मला पिशवीत घातलंसुद्धा. शिव्या देणाऱ्याला परतवता येतं, माया करणाऱ्याला कसं परतवणार? ती फळीला धरून उभी राहिली आणि टांगा वळेपर्यंत बघत होती.

पुण्यात एका सुताराला माझ्यापुढं बसवलं. त्यानं खाच साफ केली, सागाची गुल्ली बसवली, तिच्यात जवाएवढा कान कोरला. काम चोख होतं, नावं ठेवायला जागा नाही. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षांनी मी पुन्हा घोडा झालो होतो.

शिमग्याच्या आठ दिवस आधी मी जुन्नरला पोचलो. बिबिजाननं मला हातात घेतलं. तिचं बोट सवयीनं खाचेकडं गेलं आणि गुळगुळीत लाकडावर थांबलं. तिनं मला भिजवलं, पाक केला, दोन ताटं भरून घोडे पाडले. ताठ, देखणे, दोन्ही कान सारखे.

पोरं आली. हनुवट्या टेकल्या.

"चाची, ऐकनारा घोडा कुठंय?"

"ह्योच की."

"ह्याला कुठंय कान? सांगायचं कुठं?"

एकानं घेतला, कानाला तोंड लावून बघितलं आणि परत ठेवला. बाकीची पोरं रेवड्या घेऊन गेली. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणालो. पण ताटं भरलेलीच राहिली, दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्याही. बिबिजान त्यांच्याकडं बघत बसायची. घोडे खपत नव्हते याचं तिला वाईट वाटतच होतं. पण ती पोरांना मधेच हाका मारायची, "आरं, सांगा की ह्याच्यात, ऐकतोय त्यो," आणि एकही पोर मागं वळत नव्हतं. राजमहंमदचं ते एक वाक्य दुकानातून पुसलं जात होतं आणि पुसलं जाताना तिला दिसत होतं.

बाजाराच्या दिवशी अंजना आली. आंबेगावच्या वरच्या डोंगरातली. लहान असताना वर्षातून एकदा बापाबरोबर हिरडा विकायला यायची आणि वर्षाचा एक घोडा न्यायची. आता कडेवर तिचीच मुलगी होती. तिनं डोळेबिळे मिटले नाहीत. घोडा उचलला आणि नीट पाहिला.

"ह्यो त्यो न्हाई."

"त्योच हाय गं. नीट केलाय."

"नीटच व्हता की. डावा कान हितवर व्हता." तिनं अंगठा धरून दाखवला. "आमची आय दुखण्यात व्हती तवा मी त्या कानात सांगितलं व्हतं. आयला बरं वाटू दे म्हून."

बिबिजाननं विचारलं, "मंग?"

"न्हाई वाटलं." अंजनानं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पर सांगितलं तर व्हतं. दुसरं कुनाला सांगनार व्हते मी, चाची?"

मग बिबिजान उठली, मला मांडीवर घेतलं आणि सुरी काढली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. किती वर्षांनी मला रूप मिळालं होतं! तिनं गुल्लीच्या कडेला पातं घातलं आणि जोर केला. पुन्हा तोच कड्कन आवाज. गुल्ली उडाली आणि बरोबर माझी आणखी एक ढलपी घेऊन गेली. बिबिजाननं खाचेत बोट घातलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

अंजना त्या रात्री नात्यातल्यांकडं राहिली आणि सकाळी पुन्हा आली. पहिला घोडा तिच्या मुलीच्या हातात गेला. कान आता अंगठ्याहून मोठा झाला होता आणि मानेवर लोळत होता. मुलीला बोलताही येत नव्हतं. तिनं कानात नुसतंच "आ" केलं. तोवर बोळातून पोरांचा लोंढा आला आणि दुपारपर्यंत ताटं रिकामी झाली.

पाडव्याला कुंडलिकराव आपल्या मुलाला घेऊन हजर. ताटातला एक घोडा उचलला, मुलापुढं धरला.

"बघ! आता कसे दोन्ही कान ताठ झाले. अगदी माझ्या लहानपणीचा घोडा!"

कान त्यांच्या बोटावर लोंबत होता. बिबिजाननं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, धन्य आहे! डोळे उघडे ठेवूनही या माणसाला दिसत नाही. अशा माणसाच्या आठवणीची किंमत ती काय?

आणि तेवढ्यात त्यांनी घोडा फिरवला. मुलाशी बोलता बोलता, न बघता. डावा कान ओठांशी नेला. ओठ हलले, दोन-तीन शब्दांपुरते. मग त्यांनी कान चावून तोडला.

चावता चावता ते थांबले. हातातल्या बिनकानाच्या घोड्याकडं बघत राहिले.

"बाबा, तुम्ही त्याला काय सांगितलंत?" मुलानं विचारलं.

"कुठं काय?" ते म्हणाले, आणि बोळाकडं तोंड फिरवून उभे राहिले. मग म्हणाले, "चाची, माझं चुकलं. कान मोठाच होता."

त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलंय. इतकी वर्षं सगळ्यांचं सांगून मोकळा झालो, हे सांगणार नाही. चाळीस वर्षांत एवढ्या एकाच माणसाला मी हसलो नाही.

बाकीच्यांना मात्र माझं सांगणं आहे. आठवणी काढत यायचं तर या, पण डोळे मिटून उभे राहू नका. मला हातात घ्या, मी कसा आहे ते बघा, आणि नीट करायला नेऊ नका. उजवा कान अजून शाबूत आहे, त्यावर मी माझी हौस भागवून घेतो.

उद्या पुन्हा पाक व्हायचाय. बिबिजान आता म्हातारी झाली, पुष्कळ गोष्टी विसरते. पण दिवस मावळायच्या आत तिनं मला पाण्यात सोडलंय. त्याची आठवण तिला कुणी करून द्यावी लागत नाही.