फोटोत दोघं होते

मित्रांनो, मी चाकांवर फिरणारं एक जुनं एक्स-रे यंत्र आहे. ज्या पेशंटना पलंगावरून हलवता येत नाही, त्यांच्यापाशी मीच जायचं. कारखान्यात माझी चाकं बसवणारा कारागीर म्हणाला होता, "याच्या नशिबी भटकंतीच!" तो खोटं बोलला नाही.

मग साथ आली. दिवसाला साठ-साठ छात्या पाहिल्या मी. एक्स-रेवाल्या ताई मला ढकलत न्यायच्या, पेशंटच्या पाठीखाली फोटो उमटणारी प्लेट सरकवायच्या आणि म्हणायच्या, "श्वास घ्या. धरून ठेवा." कित्येकांना तो धरताच यायचा नाही. वॉर्डातल्या मावशी मला पुसताना म्हणायच्या, "हे आहे म्हणून निभतंय, बाई."

साथ ओसरली. नवी मोठी मशीन आली आणि मला साथीच्या त्याच वॉर्डात लोटून दाराला कडी घातली. बावीस रिकामे पलंग आणि मी. खिडक्या बंद असूनही भर दुपारी पडदे हलायचे. मावशी केर काढायला आल्या की उंबऱ्याशीच थबकायच्या. "कोण आहे?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता झाडू घेऊन परत फिरायच्या. कुणी नव्हतं. निदान मला तरी तसं वाटायचं. हळूहळू माझी बॅटरी मेली. आठ महिने मला कुणी हात लावला नाही.

एका सकाळी मोठी मशीन बंद पडली. नेमकी त्याच वेळी बेकरीत काम करणारी एक बाई आली. तिला धाप लागली होती, ओठ निळे पडले होते. दुसरं हॉस्पिटल दोन तासांवर होतं. तिची बहीण डॉक्टरांचा हात सोडेना. "काहीतरी करा हो, हिला वाक्यही पुरं करता येत नाही!"

ताई धावत आल्या. माझ्यावरची धूळ पदरानेच झटकली, वायर भिंतीत खोचली आणि माझ्या कप्प्यात पडलेली प्लेट उचलली. फोटो निघाला. प्लेट वाचणाऱ्या यंत्रातून पडद्यावर उमटलेलं चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "दोन्हीकडे पांढुरकं दिसतंय. न्यूमोनिया असावा. औषध सुरू करू."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांबा डॉक्टर. या फोटोत दोघं आहेत."

"म्हणजे?"

"बरगड्या मोजा. आणि छातीच्या मधोमध या तारेच्या गाठी बघा. या बाईंचं कधी ऑपरेशन झालंय का?"

बहिणीने मान हलवली. "कधीच नाही."

मी त्या गाठी ओळखल्या. ते शिंपीकाका होते. हृदयाचं ऑपरेशन झालेले, थट्टेखोर. "माझे टाके मीच नीट घातले असते," म्हणायचे. साथीत मी काढलेला अखेरचा फोटो त्यांचाच होता, पण प्लेट वाचायला नेण्याआधीच त्यांचा श्वास थांबला. सगळे तिकडे धावले. प्लेट माझ्या कप्प्यातच राहिली. ती कुणी वाचली नाही, प्रखर दिव्याखाली धरून पुसलीही नाही; आणि न पुसलेल्या प्लेटवर जुनं चित्र तसंच राहतं. इतके महिने ते माझ्यातच होते, आणि आता या बाईच्या छातीवर फिकट सावलीसारखे येऊन पडले होते.

ताईंनी प्लेट पुसणाऱ्या दिव्याखाली धरली. "काका, निघा आता," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या फोटोत ती बाई एकटीच होती. डावी बाजू काळीकुट्ट होती आणि फुप्फुस मिटून मुठीएवढं झालेलं. बाहेर हवा साठून त्याला चेपत होती. डॉक्टरांनी छातीत नळी घातली. हवा फुस्सकन बाहेर पडली आणि बाईच्या ओठांवर रंग परतला. बहीण तिथेच जमिनीवर बसून रडली.

त्या दिवसापासून ताई हट्टालाच पेटल्या. दर सोमवारी मला चार्ज करतात, चाकांना तेल देतात, सगळ्या प्लेटा पुसतात. हाताखालच्या तिघींना त्यांनी मला चालवायला शिकवलं. त्यातली एक कुरकुरली, "ताई, मोठी मशीन चालू असताना याचा खटाटोप कशाला?"

"ती चालू आहे तोवरच शिकून घे," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, संकट सरलं की त्या दिवसांत राबलेल्यांना डोळ्यांआड ढकलावंसं वाटतं. तसं करू नका. आम्हाला अधूनमधून उघडून बघत जा. आमच्या पोटात कोण राहून गेलंय, ते आम्हालाही सांगता येत नाही.