पाच वाजताचा लाल उंचवटा

"साडेपाचच्या आत अंघोळ उरकायची हो, कार्तिक महिना आहे," हे सासूबाईंचं सांगणं ऊर्मिलाने जर्मनीतल्या येना शहरातही कधी मोडलं नाही. इमारतीतल्या आणखी सात मराठी बायकांनाही तिने हाच नेम लावून दिला होता.

शहरभर जमिनीखालच्या नळांतून उष्णता पोचवून घरं आणि अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. कुठल्या इमारतीत किती उष्णता जाते, ते तिथे संगणकावर दिसे. आज तिचे जर्मन साहेब क्राऊझ पडद्यावरच्या आलेखातल्या लाल उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाले, "रोज पहाटे पाचला एवढी मागणी? प्रोग्राम म्हणतो, गळती आहे. उद्या पहाटे पुरवठा बंद करून तपासू."

पत्ता तिच्याच इमारतीचा होता. नोव्हेंबरातल्या बर्फगार पाण्याने न्हायचं, नाहीतर आठ जणींचा नेम मोडायचा!

"गळती नाही हो ती," ऊर्मिला हळूच म्हणाली, "आम्ही आहोत." मग तिने कार्तिकस्नान समजावलं. सूर्य उगवायच्या आत अंघोळ.

"गेनाऊ, अगदी बरोबर! पण इथे सूर्य सव्वासातला उगवतो, फ्राऊ पाटणकर. मग पाचलाच झुंबड कशाला?"

ऊर्मिलाने जीभ चावली. सहा वर्षं येनात राहूनही ती पुण्याच्या सूर्यासाठी उठत होती! "पाच ते सात, पाळीपाळीने न्हाऊ. आजच सगळ्यांना सांगते," तिने शब्द दिला.

"मग पुरवठा चालू," साहेब हसले.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून तिने कागदावर आठ नावं आणि आठ वेळा लिहिल्या. पाचची वेळ स्वतःकडे ठेवली. मग पायांत चपला सरकवून ती तळमजल्यावरच्या मैथिलीकडे निघाली.